वैजूचं कळंबला न झालेलं वादन

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा वैजयंता खिडकीच्या कडेवर बोटं चालवत होती. वैजू जाझ पियानो वाजवते. जाझ म्हणजे ठरलेल्या सुरावटीतून निघायचं आणि जागच्या जागी नवं रचत जायचं. कळंबकडच्या तेर गावातल्या मेंढपाळाची ही लेक शाळेतल्या पेटीवर शिकली, वर्षानुवर्षं हॉटेलांत वाजवून तिनं पोट भरलं, आता संगीतशास्त्र शिकवते. स्वरमेळावरचा तिचा जाडजूड ग्रंथ परदेशातली मुलंसुद्धा अभ्यासतात. मी तिच्याच कॉलेजात शिकवते. कळंबच्या एका मंडळानं सत्कार ठरवला होता, पण वैजू निघाली होती वडिलांसाठी. अण्णांनी तिचा पियानो समोर बसून कधी ऐकलाच नव्हता.

बार्शी मागं पडली आणि बालाघाटाचे उघडे डोंगर दिसू लागले. येरमाळ्याला खरपूस पेढे घेतले, निम्मे बसमध्येच संपवले. कळंबच्या स्टँडवर अण्णा उभे होते, खांद्यावर घोंगडं आणि हातात माझ्यासाठी वानोळा (घरच्या मालाची भेट), भुईमुगाच्या शेंगा.

"फोनवर ऐकलंय म्या," ते म्हणाले, "पर त्यात नुसतं टिंग टिंग येतंय. आज समोर बसून ऐकतो. दिवस मावळायच्या आत गेलं पायजे मातर. मेंढी व्यायला झालीया."

मंडपात लातूरहून भाड्यानं आणलेला इलेक्ट्रिक पियानो होता. आणि त्यावर काय? शाली, नारळ, हार, फेटे! टेबल कमी पडलं म्हणे.

"अहो, ते वाजवायचं वाद्य आहे!" मी ओरडलेच.

"वाजवायचंच हाय की मॅडम," कार्यकर्ता शांतपणे म्हणाला. "आधी पाव्हणं तर येऊ द्या."

पाव्हणे उन्हं कलल्यावर आले. मग स्वागत, स्वागताला उत्तर, उत्तराला टाळ्या. एकानं वैजूला "आपल्या मातीतली थोर गायिका" म्हटलं. दुसऱ्यानं स्वतः केलेल्या रस्त्यांचं पुराण लावलं. पहिल्या रांगेत अण्णा फेटा बांधून ताठ बसले होते आणि सारखे बाहेर उन्हाकडे बघत होते.

मी सूत्रसंचालकाला गाठलं. "तिचे वडील निघतील हो. आधी वाजवू द्या तिला."

"दोनच भाषणं, ताई."

दोनाची किती झाली ते विचारू नका. शेवटी वैजू स्वतः उठली आणि पियानोवरचे नारळ खाली उतरवू लागली. तर तो पठ्ठ्या माइकवरून म्हणतो, "बघा मॅडमचा साधेपणा! सत्काराचं सामान स्वतः आवरतायत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

अण्णा उठून स्टेजच्या पायरीशी आले. "यीऊ का गं?"

"अण्णा, जरा थांबा की."

"मुकं जनावर हाय, बाई. पुढच्या येळंला आधी वाजव, मग शाल घे."

ते गेले. त्यांच्यामागं आभारप्रदर्शन झालं, वेळेअभावी वादन रद्द झालं, आणि लातूरवाल्यानं पियानो टेम्पोत चढवला, कारण त्याला पुढं लग्नाची सुपारी होती. वैजू तिथंच खुर्चीवर बसून राहिली. रात्रीच्या जेवणाला मंडळानं झणझणीत शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. आमटी चांगली होती, खोटं कशाला बोलू?

दुपारी वैजूचा वर्ग होता, म्हणून सकाळच्याच बसनं परत निघालो. स्टँडवर पेपर घेतला. पाव्हण्यांचा भलामोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: पियानोवादनानं कळंबकर मंत्रमुग्ध! बातमी आधीच लिहून ठेवली असणार. अरे, लाजलज्जा काही? आमच्याकडे कलावंताला शाल पांघरतात, हार घालतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्याची कला ऐकायची तेवढी राहून जाते, आणि ते कुणाला खटकतही नाही.

बार्शीच्या अलीकडे अण्णांचा फोन आला. बसच्या आवाजात ऐकू येईना म्हणून वैजूनं स्पीकर लावला.

"पेपरात आलंय गं! शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. लई गोड वाजवलंस म्हनं."

"अण्णा, मी वाजवलंच न्हाय."

"माझं मन राखाया बोलू नगं. छापून आलेलं खोटं आसतंय व्हय?" पलीकडं मेंढरं ओरडत होती. "मेंढी तर आजून बी व्याली न्हाय बघ. जरा दम धरला आसता तर ऐकाया मिळालं आसतं. माझंच चुकलं, पोरी."