लिहून घेणार

मुलाने ठाण्याचं घर माझ्या एकटीच्या नावावर करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या नशिबाचं कौतुक केलं. मी हसून मान डोलवत होते आणि आतून माझं पाणी पाणी होत होतं.

तेव्हा मी सिंगापूरला बुकित बातोकमध्ये मुलाकडे राहत होते. मुलगा, सून, शाळेत जाणारी नात आणि मी. फ्लॅट भाड्याचा, पण ऐसपैस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घालायचे. पहिल्यांदा ते करताना खाली बघून मी घाबरले होते, पुढे ते काम मी कुणाला करू दिलं नाही. ह्यांच्या निधनानंतर दिवसकार्य उरकलं आणि मुलाने मला सोबतच आणलं. माझं मतबित कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, मला इथे एकटीला ठेवू नका.

त्याचं कारण सांगते. आमचे हे न्हाणीघरात गेले ते. दार आतून लावलेलं. धपकन आवाज आला, मी हाका मारल्या, दार ठोठावलं, खांद्याने धडका दिल्या. शेवटी वरच्या मजल्यावरच्या माणसांनी येऊन दार तोडलं, तोवर सगळं संपलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही दाराला कडी लावत नाही. सिंगापुरात नात तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत वैतागायची, "आजी, क्लोज द डोअर लाह!" मी नुसतं लोटून घ्यायची. रागवायची असेल तर रागव म्हणावं. माझं दार तोडायला घरात कुणीतरी आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी तिथे सुखाने झोपत होते.

अमेरिकेतल्या बँका कोसळल्या त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी जेवताना मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "आई, बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र करून टाकू या."

घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. मागे वारस आम्ही तिघं, मी, मुलगा आणि डोंबिवलीची लेक. सोसायटीने कागद मागितले होतेच. लेकीने तिच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र माझ्या नावे नोंदवूनही टाकलं होतं. आता मुलाने त्याचा हिस्सा सोडला की घर पूर्ण माझं.

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"घाई कसली? कधीतरी करायचंच आहे."

सुनेने लगेच वरण वाढलं. ते मी मागितलं नव्हतं.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. लोकांना वाटायचं आम्ही चोरून ऐकतो. आम्ही चोरून ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं. नुसत्या 'हॅलो'वरून मला कळायचं की पलीकडे बारसं आहे की मयत. त्या संध्याकाळी मुलाच्या आवाजात मला भीती ऐकू आली. आई कशाची भीती समजेल? मला वाटलं, हा मला परत पाठवतोय आणि ते तोंडाने सांगायची त्याला भीती वाटतेय.

एकदा मनात आलं की सगळं तिकडेच बोट दाखवायला लागतं. माझा तिथे राहण्याचा पास मुलाच्या नोकरीवर मिळालेला होता. त्याची मुदत संपत आली होती. मागच्या वेळी त्याने केवढी धावपळ केली होती, फोटो काढ, पासपोर्ट दे, इथे सही कर. या वेळी कुणी विषयच काढेना. एकदा मीच आठवण केली. "बघू," म्हणाला. माझा मुलगा 'बघू' म्हणणाऱ्यातला नाही. त्याचे वडील होते.

मग एका रविवारी तो गॅलरीत उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होता आणि मी आत तांदूळ निवडत होते. "ताई, पाण्याची टाकी साफ करून घे. खिडक्यांना जाळ्या बसव. आणि हो, कमोड. आधी कमोड बसवून घे." टाकी, जाळ्या, कमोड. माझी पूर्ण तयारी चालली होती. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते, मला कमोड नको होता. पण म्हातारीला एकटीला ठेवायचं तर पडू नये याची काळजी घेतलेली बरी, असा हिशेब असणार. मला त्या काळजीचाच राग आला.

विचारायचं ना सरळ? आज तुम्ही म्हणाल. मी एक्स्चेंजमध्ये साहेबाला तोंडावर सुनावलेली बाई. पण मुलाला विचारता येत नव्हतं. विचारलं आणि तो 'नाही' म्हणाला, तर आईने असला संशय घेतला म्हणून तो दुखावणार. आणि 'हो' म्हणाला तर? तर मग मला ते ऐकावं लागणार. न विचारता अजून काही दिवस ढकलता येत होते. दुपारी सगळे बाहेर गेले की मी खाली इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जाऊन बसायची. तिथे शेजारच्या ब्लॉकमधली एक चिनी आजी बसायची. तिला माझं कळत नव्हतं, मला तिचं. तिच्यापाशी मी मराठीत सगळं बोलून घेत असे. ती मान हलवायची आणि मग तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगायची. तिच्याही मुलाचंच असावं.

ठाण्याचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट डोळ्यांपुढून जाईना. न्हाणीघराचं नवीन बसवलेलं दार. आपण त्या दाराआड पडलोय आणि बाहेर कुणी हाका मारत नाहीये, असं दिवसाढवळ्या भाजी चिरताना दिसायचं. सुनेने विचारलं, "आई, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, उकडतंय. सिंगापुरात उकडतंय म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

ठाण्याच्या वकिलाने मसुदा पाठवला. मुलाने तो छापून आणला आणि मला वाचायला दिला. मराठीतच होता. त्यात मुलगा 'लिहून देणार' आणि मी 'लिहून घेणार'. खाली लिहिलं होतं की सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा किंवा त्यांच्या वारसांचा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही व पुढेही राहणार नाही. वारस म्हणजे माझी नात. वकिलाला काय, सगळ्यांना तेच लिहीत असेल. मला मात्र वाटलं, त्या घराशी यांचा संबंध नाही आणि त्या घरात मी. म्हणजे माझ्याशीही नाही.

"बरोबर आहे ना सगळं?" मुलाने विचारलं.

"नाव बरोबर आहे," मी म्हटलं.

सह्या आपल्या वकिलातीत, अधिकाऱ्यासमोर करायच्या होत्या. साक्षीदार म्हणून मुलाचा एक मित्र आला बायकोला घेऊन. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बुकित तिमाहला मोठा काँडो, गणपतीत आरत्या फार मनापासून म्हणतो. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "काकू, नशीबवान आहात. आजकाल मुलं आईकडून सह्या घेतात. तुमचा मुलगा तुम्हाला सही करून देतोय."

"हो ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खरखरीत ऐकू आला, लाईन खराब असल्यासारखा. मुलगा पुढच्या सीटवर होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

वकिलातीत गर्दी होती. पासपोर्टवाले, तान्ही मुलं घेऊन आलेल्या बायका. नंबर लागेपर्यंत आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो आणि मी देवाला म्हटलं, आज या माणसांचं यंत्र बंद पडू दे, शिक्का सापडू नये, काहीही होऊ दे. काही झालं नाही. आमचं नाव पुकारलं. अधिकाऱ्याने मुलाला हिंदीत विचारलं, "अपनी मर्जी से कर रहे हैं?" मुलगा "जी" म्हणाला आणि प्रत्येक पानावर सही करत गेला. भराभरा, एकदाही न थांबता. मग कागद माझ्याकडे आले. मला सही करायची नव्हती. पेन धरून मी पहिल्याच पानावर थांबले. अधिकारी सौम्य माणूस होता. म्हणाला, "माताजी, घबराइए मत, आपको तो मिल रहा है." मी सही केली. ती माझ्या सहीसारखी आलीच नाही, पण त्याने चालवून घेतली. धाडधाड शिक्के बसले. आता हे लेकीकडे पाठवायचं, ती ठाण्यात नोंदवणार, आणि माझी पाठवणी पक्की.

मित्र आणि त्याची बायको निघून गेले. आम्ही दोघं बाहेर आलो. बस स्टॉपवर बाक होता, तिथे मुलगा बसला. बस आली तरी उठला नाही. ती गेली.

"आई, तुला एक विचारायचंय."

"विचारू नकोस," मी म्हटलं. "मला सगळं कळलंय. तिकीट कधीचं काढलंस तेवढं सांग."

"हिने सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं कुणी? बहिरी आहे का मी? टाकी, जाळ्या, कमोड. पास वाढवायचं नाव नाही. मला एकटीला तिथे नेऊन ठेवायचं होतं तर सरळ म्हणायचं होतंस. हा कागदांचा तमाशा कशाला?" एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

"एकटीला?" तो म्हणाला. "आई, अगं, माझी नोकरी गेली."

मग त्याने सांगितलं. तांजोंग पगार भागातल्या त्याच्या ऑफिसातलं अख्खं खातंच बंद होत होतं. महिनाअखेरपर्यंत कामावर जायचं, मग पास रद्द. त्याचा, सुनेचा, नातीचा, माझा, सगळ्यांचाच. पास गेला की थोड्याच दिवसांत देश सोडायचा. कायम राहण्याचा अर्ज त्यांचा आधीच नाकारला होता. दुसरी नोकरी त्याने शोधली, वेड्यासारखी शोधली, पण त्या वर्षी सगळीकडे लोकांना काढतच होते. मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, माझ्या बीपीमुळे. जाळ्या सुनेसाठी होत्या, डासांनी तिच्या अंगावर गांधी उठतात. कमोड नातीसाठी होता. ती जन्मात उकिडवी बसली नव्हती.

ऐकून मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. पोटच्या पोराची नोकरी गेली, संसार उचलून निघायची वेळ आली, आणि माझा छातीतला दगड निघाला. मी एकटी जाणार नव्हते. सगळे येणार होते. किती वेळ तो आनंद टिकला कोण जाणे. मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी केली होती, टाय नीट होता, आणि दोन्ही हातांनी त्याने गुडघे घट्ट धरून ठेवले होते. मी ओळखलेली भीती खरी होती. फक्त ती कशाची, ते मला चुकीचं कळलं होतं. आता ती माझ्या अंगात शिरली आणि ती माझ्या भीतीहून फार मोठी होती. या वयात हा पुन्हा कुठून सुरुवात करणार? पोरीला मराठी वाचता येत नाही, ती कुठल्या शाळेत जाणार?

"मग विचारायचं काय होतं तुला?" मी म्हटलं.

त्याने रस्त्याकडे बघत विचारलं. "आम्ही तुझ्याकडे राहायला येऊ का? माझं काही जमेपर्यंत."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"म्हणजे काय? ते घर तुझं नाही का? आणि यायचंच होतं तर हिस्सा सोडलास कशाला, वेड्या? आधी विचारायचंस."

"आधी विचारलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं," तो म्हणाला. "हिस्सेदार म्हणून घुसल्यासारखं झालं असतं ते. त्या घराच्या कर्जासाठी बाबांबरोबर तूही राबलीस. रात्रपाळ्या केल्यास. ताईला सांगितलेली कामं तुलाही उपयोगी पडतीलच, पण आता त्या घरात माझं काही नाही. आता तू नाही म्हणालीस तरी चालेल."

तो थांबला होता. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. नाही म्हटलं असतं तर तो मुकाट उठून बसमध्ये चढला असता, आणि म्हणूनच हे त्याने मला शिक्के बसल्यावर विचारलं होतं.

मी हो म्हटलं. तेवढ्यात दुसरी बस आली आणि त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी ते पुन्हा म्हटलं.