गुरुवारची सुट्टी आणि जुनं लेथ

विनोद मला जमतो, हे मी स्वतःच सांगतो. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसलो असतो तर अजून चाकणच्या कंपनीत क्वालिटीला पार्ट तपासत असतो. पहिला व्हिडिओ मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर केला. सुपरवायझर ओव्हरटाइम सांगायला येतो आणि एकदम सगळ्यांच्याच आज्या आजारी पडतात, एवढीच गोष्ट. आठवड्याभरात भोसरीच्या शेअर रिक्षात अनोळखी लोक माझ्या आजीची तब्येत विचारायला लागले. असे पुष्कळ व्हिडिओ झाल्यावर नोकरी सोडली आणि स्वतःचा चित्रपट करायला घेतला. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय. मला तसं वाटलं नाही.

चित्रपट विनोदीच होता, फक्त शेवटचा प्रसंग सोडून. एक म्हातारा टर्नर कामाच्या शेवटच्या दिवशी आपलं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, बंद करतो. बाकी सगळं शूटिंग झालं होतं, पण चित्रपट उभा होता तो याच प्रसंगावर. तो हुकला असता तर हातात नुसते विनोद उरले असते, आणि ते लोक माझ्याकडून मोबाइलवर फुकट बघतच होते.

हवं तसं जुनं लेथ भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सापडलं. मालक गावातले जुने, साठी उलटलेले. हे त्यांचं पहिलं मशीन. कित्येक वर्षं स्वतः चालवलेलं. आता त्या जागी कॉम्प्युटरवरचं नवं येणार होतं. जुनं विकून झालं होतं, सोमवारी टेम्पो ते घेऊन जाणार होता. म्हाताऱ्याचं काम करणारे नट पुण्याचे, नाटकात मुरलेले. त्यांना मी निरोप ठेवला, या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला या.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी म्हणजे गुरुवार. त्या दिवशी वर्कशॉप बंद, म्हणून लग्नाच्या बोलण्यांपासून दाढी-कटिंगपर्यंत सगळं गुरुवारी. सुट्टी असून त्या दिवशी घरात मटण शिजत नाही, ही आमची जुनी तक्रार. हे पुण्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गुरुवारी आठला आम्ही कॅमेरा लावून उभे, आणि नट आपल्या घरी. फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, सुट्टी रविवारी असते ना?"

चूक माझीच होती, त्यामुळे ओरडायलाही कुणी नव्हतं. त्यांचे मधले दोन दिवस नाटकात अडकलेले. राहिला रविवार, आणि रविवारी वर्कशॉप ऐन जोरात. शेजारच्या मशीनच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे संवाद कुठून रेकॉर्ड होणार? मालकांनी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास दिला. त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो.

मशीनं थांबली, लोक डबे घेऊन बाहेर गेले. मालक मात्र स्टुलावर बसून बघत राहिले. म्हातारा लेथवर हात ठेवून त्याच्याशी बोलतो, असे दोन पानी संवाद मी लिहिले होते. नटांनी ते दोनदा म्हटले, दोन्ही वेळा बिनचूक. मला ते खोटे वाटत होते आणि का ते कळत नव्हतं. घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. शेवटी मी मालकांनाच विचारलं, कुठे चुकतंय.

"मशीनसंगं कोन बोलतंय राव?" ते म्हणाले. "शिफ्ट सुटली की आमी तिला पुसतो."

नटांनी फडकं घेऊन पुसायला सुरुवात केली, पण हॉटेलातलं टेबल पुसावं तसं. मालकांना ते बघवेना. ते उठले, नटांच्या हातातलं फडकं घेतलं आणि आधी ब्रशने बारीक बर, म्हणजे लोखंडाचा कीस, झाडली, मग पार्ट पकडणाऱ्या चकपासून खालपर्यंत कोपरान् कोपरा पुसून काढला. मी कॅमेरा चालूच ठेवायला खुणावलं. पुसून झाल्यावर त्यांनी तेलाचा डबा उचलला आणि मशीनच्या घासलेल्या पट्ट्यांवर बोटांनी तेल फिरवायला लागले.

मी म्हणालो, "काका, उद्या तर जाणार ना हे? आता तेल कशाला?"

त्यांनी वर बघितलं नाही. "न्हाई लावलं तर गंजंल की ती," म्हणाले, आणि उरलेल्या पट्टीवर हात फिरवत राहिले.

मग नटांनी सगळं तसंच करून दाखवलं, फडक्यापासून तेलापर्यंत, एक शब्द न बोलता. संवादांची ती दोन पानं मी तिथेच काढून टाकली.