पूजेत ठेवलेली टिटवी

ती घटना आठवली की कुंकवाच्या वाटीत बोट बुडवताना आजही मी क्षणभर थांबते. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, हुशार माणसं खिशात मावणारी इतकी चांगली यंत्रं बनवतात, मग ती बाजारात टिकत का नाहीत?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहून कळवते.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी. ठाण्यात रायफली मांडून पूजा चालू असताना खबर आली, की हट्ट्याकडच्या एका गावात विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या लोखंडी पेटीचा शॉक लागून शेतकरी जागीच गेला. पाठोपाठ आमच्या खबऱ्याचा फोन. "म्याडम, गावातली पोरं हिंगोलीला निघालीत. टिटवीवाल्याचं दुकान पेटवतो म्हणून राहिलीत."

टिटवी म्हणजे काडेपेटीएवढं एक यंत्र. हिंगोलीच्या एका तरुण इंजिनिअरनं ते बनवलं होतं. खिशात ठेवायचं, जवळच्या पेटीत किंवा तारेत करंट उतरला असेल तर ते किंचाळायचं. त्यानं त्याला झोकदार इंग्रजी नाव दिलं होतं. गावानं ते बाजूला सारून टिटवी म्हणायला सुरुवात केली. प्रदर्शनांत त्याचं कौतुक झालं, पण विक्री बेताचीच होती.

पंचनाम्यात मृताच्या सदऱ्याच्या खिशात टिटवी मिळाली. धाकट्या भावानं जबाब दिला, "खिशात व्हती, पण वाजलीच न्हाई. या डबड्यानंच माझ्या दादाला मारलं."

दुकानापुढे बंदोबस्त लावून मी त्या इंजिनिअरला ठाण्यात आणलं. निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर लागणार होता. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर टिटवी उघड्या तारेजवळ धरली. ती अशी किंचाळली की हवालदार दोन पावलं मागे सरकला.

"आयला, ठणठणीत हाय की ही!"

"आज वाजली म्हणून काल वाजली असेलच, असं होत नाही," मी म्हणाले.

त्या इंजिनिअर मुलानं मान खाली घातली. "मॅडम, ती वाजली नसेल तर माणूस मी मारलाय. मला सोडा म्हणत नाही. पण शोधून काढा."

टिटवी पुन्हा सीलबंद करताना तिच्या आवाजाच्या बारीक भोकांत मला लाल काहीतरी दिसलं. समोर एक शिपाई पुटपुटत बसला होता. रायफलींच्या खाचांत बसलेलं कालच्या पूजेचं कुंकू काडीनं कोरून काढत होता. तोच रंग. आणि आपल्याकडे खंडेनवमीला अवजार एकदा पूजेत मांडलं, की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हलवत नाही. मग ती मृताच्या खिशात कशी गेली?

भावाला बोलावलं. चहा दिला. खोटं बोलणाऱ्या माणसानं मोठ्या प्रश्नांची तयारी केलेली असते, घरगुती प्रश्नांची नसते.

"काल घरात पूजा कुणी केली?"

"वैनीनं."

"काय काय मांडलं होतं?"

"विळा, कोयता, पाना..." तो थांबला.

"आणखी?"

कप खाली ठेवून तो रडायलाच लागला. "लाईट आली म्हणून दादा मोटार चालू करायला निघाला. त्यानं टिटवी मागितली व्हती. वैनी म्हनली, आज पूजेतलं हलवायचं न्हाई. तो तसाच गेला. तुमी येण्याआधी म्याच ती पुसून त्याच्या खिशात घातली. म्याडम, हे कळल्यावर लोकं वैनीला जगू देतील का? दोन लेकरं हायेत तिला."

"आणि त्या इंजिनिअरला कुणी जगू दिलं असतं?"



एकाला सोडवायचं तर दुसरीच्या पदरात हे टाकावं लागणार होतं. मी स्वतः तिच्या घरी गेले. प्रश्न विचारायच्या आतच ती म्हणाली, "व्हय, म्याच नको म्हनलं. लिहा तुमी." मग हळूच, "मखमली डबीत आली व्हती, बाई. सोन्यावानी. मला वाटलं, देवापाशीच बरी."

इंजिनिअर सुटला. तिच्या दिरावर खोट्या पुराव्याची कारवाई झाली. तपास पूर्ण करायचा म्हणून मी टिटवी घेतलेल्या आणखी काही घरी गेले; इंजिनिअरही हट्टानं बरोबर आला. एका घरी ती शोकेसमध्ये होती, दुसऱ्या घरी ट्रंकेत लग्नाच्या शालूत गुंडाळलेली, तिसरीकडे वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. "खराब होईल ना, मॅडम!" घरमालक अभिमानानं म्हणाला. खिशात एकाही माणसाच्या नव्हती.

परतताना जीपमध्ये तो एवढंच बोलला, "वस्तू मोलाची वाटावी म्हणून मी डबीवर जास्त खर्च केला."

मुलांनो, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यानं यंत्र पाण्यात बुडवून पाहिलं होतं, उंचावरून टाकून पाहिलं होतं. पण विकत घेतलेली वस्तू घरात कुठे जाऊन बसते, हे पाहायला तो कुणाच्या घरी गेला नव्हता. आणि बाजार दुसरी संधी देत नाही. टिटवीनं माणूस खाल्ला, ही बातमी जिल्हाभर गेली. तिचा दोष नव्हता, ही बातमी ठाण्याच्या आवारातच राहिली. त्या दुकानात पुढे मोबाईलची कव्हरं मिळू लागली.

खटला संपल्यावर त्या बाईनं अर्ज करून मुद्देमालातली टिटवी परत मागून घेतली. पुढे एकदा बंदोबस्ताला जाताना तिच्या हळदीच्या शेतावरून आमची जीप गेली. मोटारीच्या पेटीला, तारेनं करकचून बांधलेली, चिखलानं माखलेली टिटवी मी पाहिली. ती बाई पेटीसमोर उभी होती. हात पदरात. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. टिटवी गप्प आहे याची खात्री झाल्यावरच तिनं हात पुढे केला.