शेऱ्याचा रकाना

दुपारची जेवणं आटोपून मी शकूमावशीच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलेय आणि डोळे मिटायला लागलेत. पडद्यावर एक्केचाळीस टक्के. बेचाळीस होईपर्यंत माणूस म्हातारं होईल.

मावशीनं सांगलीत सव्वीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवलं. माघात ती गेली. आमच्या घरी आणलेला हा कॉम्प्युटर वाचनालयाला द्यायचाय, पाच वाजता माणूस न्यायला येणार. त्याआधी सगळं पुसायचं, कारण मावशी प्रत्येक स्थळापुढे शेरा लिहायची. 'मुलाला फिट येतात.' 'आधीचा साखरपुडा मोडला.' असलं गावभर व्हायला नको. पुसण्याआधी सहज चाळलं, तर जुन्या वहीतून उतरवलेल्या नावांत माझंच नाव. वृषाली, वय चोवीस, शेरा: 'स्थळे दाखवू नयेत.' आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. रागाच्या भरात पुसायचं बटण दाबलं आणि आता ते थांबवताही येत नाही.

"किती वेळा पुसतीयस?" शेजारच्या खुर्चीतून मावशी विचारते. ती गेलीय हे मला माहीत आहे, पण त्याचं काही वाटत नाही.

"तीनदा."

"बरं केलंस. नुसतं डिलीट केलं की यादीतलं नाव जातंय, माणूस तिथंच बसलेला असतोय. वरून दुसरं काहीतरी लिहावं लागतंय."

"ते राहू दे. माझ्यापुढं तसं का लिहिलंस?"

"ती वायर सैल झालीय बघ."

मी वायर बघायला वाकते आणि उठते ती मंगल कार्यालयात. पंगत बसलीय, माझ्या हातात मठ्ठ्याची बादली. इथंही वाढायला मीच! पानांवर मंडळातल्या फोटोंमधली माणसं आहेत. एकेकाचा चेहरा पांढरा होत जातो, तरी हात भात कालवत राहतात. मावशी मीठ वाढत पुढे चाललीय, मी तिच्यामागे.

"काय खोट होती गं माझ्यात?"

"त्यांच्या वाटीत मठ्ठा घाल."

"साऱ्या जिल्ह्याची लग्नं जमवलीस आणि घरच्या पोरीच्या वाटेत काटे घातलेस?"

"दम धर की जरा. सत्तर टक्के झाले का?"

"मसणात गेले ते टक्के!" मी ओरडते. कुणाला म्हणतेय ते लक्षात येतं आणि आणखीच चिडचिड होते.

पंगत संपते तिथे आईचा पलंग आहे, आमच्या घरातलाच. मावशी त्याच्या कडेला टेकते आणि आवाज खाली आणते.

"ताई त्या वर्षी पडली होती. पाय अधू झाला. मला म्हणाली, शकू, एवढ्यात नको. वृषाली गेली तर मला कोण बघणार?"

"एवढ्यात?"

"ताई म्हणेल तेव्हा शेरा काढू, असं धरून चालले. ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही."

मावशीचे डोळे भरून येतात. मला मात्र तिचा रागच येतो.

"तेवीस वर्षं, मावशी!"

ती पदराच्या गाठीतून अक्षता काढते आणि माझ्यावर टाकते. ना भटजी, ना मंगलाष्टकं. मला नकोत म्हणून मी हात वर करते. "झाले शंभर," ती म्हणते आणि तिचाही चेहरा पांढरा होतो.

मान अवघडलीय. पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं लिहून आलंय. उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे. उघडते, तर चार अक्षता, कुंकू अजून ओलं.

"वृषाली," आतून आई हाक मारते, "पुसलंस का गं सगळं? काही राहिलं नाही ना?" सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारतेय.

"सगळं पुसलं, आई. पण माझ्यापुढचा शेरा मी आधी वाचला."

आत नुसता पलंग करकरतो.