उंबऱ्याबाहेर सात मिनिटं

चूक माझी. मी थांबलो.

सकाळचे नऊ. मोबाइलवर निरोप आला, मागच्या गल्लीतल्या बंगल्यात एक म्हातारे गृहस्थ पूजा करताना कोसळले. मी कचेरीतला कारकून, आमच्या भागातला प्रथमोपचार स्वयंसेवक. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहायचं, हे शिकलेलो. पिशवी घेऊन पळालो.

दारातूनच दिसले. देवघरासमोर आडवे, अंगावर सोवळं, श्वास बंद. मी बूट काढले. त्यांचा मुलगा आडवा आला.

"नाव काय तुमचं?"

सांगितलं.

"पूर्ण नाव."

पूर्ण सांगितलं. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"थांबा जरा. बाबा सोवळ्यात आहेत. ॲम्ब्युलन्स येतेच आहे."

आतून त्याची आई म्हणाली, "अहो, या तुम्ही. करा काय करायचं ते."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि मुलाच्या तोंडाकडे बघत राहिलो.

सात मिनिटं. बूट हातात.

माझे वडील निफाडला एका बागाईतदाराच्या ओट्याखाली असेच उभे राहायचे, चपला हातात घेऊन. मला त्यांची लाज वाटायची. मी शिकलो, नोकरीला लागलो, नाशकात फ्लॅट घेतला. उभं राहणं तेच.

ॲम्ब्युलन्सची माणसं बुटांसकट देवघरापर्यंत गेली. त्यांना कोणी आडनाव विचारलं नाही. उशीर झाला होता. निघताना मुलगा म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही शिसारी येते.

घरी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती त्या मुलाला शिव्या घालेल. घातल्याही. मग म्हणाली, "त्यानं अडवलं, कळलं. पण ती बाई या म्हणाली ना? तिचं का नाही ऐकलं तुम्ही?"

ज्याने मला हीन ठरवलं, त्याचाच शब्द मी मोठा मानला होता.

तेरावं झाल्यावर गेलो. मुलाने व्हरांड्यात खुर्ची सरकवली. बसलो नाही. उंबरा ओलांडून थेट त्याच्या आईसमोर जाऊन उभा राहिलो.

"काकू, तुम्ही करा म्हणालात. मी तुमचं ऐकलं नाही, ह्यांचं ऐकलं. माझी चूक झाली, मला माफ करा. यापुढे कोणाच्या दारात थांबणार नाही. कोणी अडवलं तरी."