कोरम कँटीनमध्ये आहे!

अकाउंटिंगच्या पोरांकडे कसले किस्से असणार, असं लोकांना वाटतं. इंजिनीअरिंगवाल्यांकडे हॉस्टेल असतं, मेडिकलवाल्यांकडे मुडदे. आमच्याकडे काय, बॅलन्स शीट! पण ठाण्याच्या कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलेले आम्ही तिघं भेटलो, की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याला आठवतं. मी टिटवाळ्याचा, सिद्धार्थ मोहन्याचा आणि प्रणाली डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावातली. वेटर बिल ठेवून जातो, परत येऊन बघतो, तरी आमचं चालूच!

*

सेकंड इयरला ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ नावाचा विषय आला. कंपनी सरळ, सगळ्यांना विचारून, लपवाछपवी न करता कशी चालवायची, तो हा विषय. सिद्धार्थच्या पप्पांनी पुस्तकाचं कव्हर बघितलं.

“गव्हर्नन्स? म्हणजे गव्हर्मेंटचंच ना?”

सिद्धार्थ जेवत होता. समजावत बसायचा कंटाळा आला. म्हणाला, “हो, तसंच काहीतरी.”

पप्पांनी चाळीत सांगून टाकलं. रविवारी सकाळी दार वाजलं, तर शेजारच्या कांबळेकाकू उभ्या. हातात रेशनकार्ड.

“बाळा, सुनेचं नाव चढवायचंय रे. तुझी परीक्षा झाल्यावर केलंस तरी चालेल!”

*

हा विषय शिकवायच्या देसाई मॅडम. आवाज बारीक, पण लास्ट बेंचपर्यंत पोचायचा. एकदा त्या स्वतंत्र संचालक, म्हणजे इंडिपेंडंट डायरेक्टर शिकवत होत्या.

“मालकांचा नातेवाईक नको. त्यांच्याशी देणंघेणं नको. बाहेरून यायचं, निर्भीडपणे प्रश्न विचारायचे. कळलं?”

प्रणालीने हात वर केला. “मॅडम, आमच्या गावात असा माणूसच नाही. सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात.”

“मग बाहेरचा आणायचा.”

“आणला तरी टिकणार नाही, मॅडम. वर्षभरात गावातलीच पोरगी देतात त्याला!”

*

याच मॅडमनी वर्गात खोटी बोर्ड मीटिंग घ्यायला लावलेली. मी चेअरमन. आईने इस्त्री करून दिलेला शर्ट, बाजूवाल्याकडून मागून आणलेला टाय. भाषण पाठ. समोर बघतो तर प्रणाली आणि सिद्धार्थ, बास! बाकीचे डायरेक्टर गायब.

मॅडम मागे बसून वहीत लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “चेअरमन, पुरेसे डायरेक्टर नसतील तर मीटिंग होत नाही. कोरम कुठाय?”

सिद्धार्थने उभं राहून शांतपणे सांगितलं, “मॅडम, कोरम कँटीनमध्ये आहे.”

आता सगळ्यांचे मार्क गेले, असंच मला वाटलं. मॅडमनी वही मिटली, पर्स घेतली आणि म्हणाल्या, “चला.”

कँटीनमध्ये वडापाव खाणाऱ्या डायरेक्टरांच्या मधोमध त्या जाऊन बसल्या. मी टाय सावरत उभ्या उभ्या भाषण केलं. एकानेही ऐकलं नाही, पण हात सगळ्यांनी वर केले.

“ठराव मंजूर,” मॅडम म्हणाल्या. “खऱ्या कंपनीतही असंच होतं. म्हणून हा विषय शिकायचा!”

*

माझी तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल म्हणून आलेले सर वयस्कर, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

“हिशेब ट्रू अँड करेक्ट असणं आणि ट्रू अँड फेअर असणं, यात फरक काय?”

पाठ केलेली व्याख्या ऐनवेळी आठवेना. मी बोलून गेलो, “सर, सकाळी आरशात दिसतं ते करेक्ट. लग्नाच्या बायोडाटात लावतो तो फोटो फेअर.”

सरांनी पेन उघडलं.

“तुम्हाला मार्क कसे देऊ? करेक्ट की फेअर?”

“फेअर, सर! फेअरच द्या!”

*

थर्ड इयरला सिद्धार्थने डोंबिवलीत एका सीएंकडे इंटर्नशिप केली. पहिलंच काम, फरसाणवाल्याच्या गोदामातला माल तपासायचा. पुस्तकात लिहिलेलं, ज्याचं ऑडिट करतो त्याच्याकडून काही घेऊ नये. हा ते मनावर घेऊन गेला.

मालकाने चहा मागवला. “नको.” चकली पुढे केली. “नको.” शेवेची पुडी बॅगेत कोंबायला लागला, ह्याने काढून टेबलावर ठेवली. पोटात कावळे ओरडत होते, ते वेगळं.

मालकाला घाम फुटला. आजवर आलेला प्रत्येक ऑडिटर बशीभर खाऊन गेलेला! शेवटी तो उठला, सिद्धार्थला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, तुम्हाला सगळं माहितेय असं दिसतंय. चला, मागची खोली पण दाखवतो.”

*

आणि हा प्रणालीच्या घरचा.

गावातल्या जमिनीवर गोदामं बांधायची म्हणून तिचे बाबा आणि काकांनी घरचीच कंपनी काढली. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव होतं, म्हणून ती पण सभासद. पण मीटिंग व्हायची फक्त भावांची. आत्याला नंतर कळायचं, तेही कळलं तर.

प्रणाली बाबांना म्हणाली, “आत्याला नोटीस पाठवायला लागेल. कायदा आहे.”

“घरच्या माणसाला कसली नोटीस?” मोठे काका भडकले. “पोरगी शिकवली ती घर फोडायला काय?”

दोन दिवस तिच्याशी घरात कोणी धड बोललं नाही. तिने तरीही नोटीस टाईप केली. बाबांनी ती दोनदा वाचली, आणि सही केली.

मीटिंगच्या दिवशी आत्या आली. ठेवणीतली साडी, हातात नोटीस. पडवीत खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या एकीवर जाऊन बसली.

मोठ्या काकांनी नेहमीच्या सवयीने म्हटलं, “बाय, आली हायस तर आत जा. चहाचं बघ जरा.”

आत्याने नोटीस उलगडून मांडीवर ठेवली.

“मी आज मीटिंगला आलेय, दादा. चहा तू ठेव.”

प्रणाली सांगते, तिने डोळेच मिटून घेतले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलांचा. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि मग स्वयंपाकघरातून काकांचा आवाज, “साखर कंच्या डब्यान हाय गो?”