मोठीमायच्या शिव्या

आमच्या मोठीमायला लग्नाचं बोलावणं यायचं ते शिव्या देण्यासाठी. बाकीची कामं कोणीही करतं, पण मुलाकडचे व्याही पंगतीला बसले की गाण्यातून त्यांचा ताठा उतरवणारी तिच्यासारखी बाई आमगाव भागात दुसरी नव्हती. आम्हा पोवारांत या गाण्यांना गारी म्हणतात. व्याही बिचारा जेवत असतो आणि नवरीकडच्या बाया त्याच्या टकलापासून चपलेपर्यंत एकेक गोष्ट चव्हाट्यावर आणत असतात. तो चिडला तर त्याचंच हसं होतं, म्हणून शहाणा व्याही खाली मान घालून बुंदी खात राहतो.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अंगानं ठेंगणी, समोरच्या दातांत फट, आणि घरात तर इतकी गरीब की ताटात तोंड घालणाऱ्या मांजरालाही ती ‘जा व माय’ म्हणायची. तीच बाई माइक हातात आला की अंगात आल्यासारखी उभी राहायची. ज्याच्यावर गाणं, त्याच्या डोळ्यांत बघून गायची. गाण्याची एक कडी संपली की थांबायची. मी एकदा विचारलं, मधेच थांबतेस कशाला, रंग जातो. म्हणाली, “घास गिळू दे ना त्याले. तोंडात घास असन त उत्तर कसं देईन?” गाणं झालं की स्वतः उठून त्याच व्याह्याच्या ताटात आग्रहानं लाडू वाढायची.

कामठ्याच्या एका लग्नात एक गिरणीवाला व्याही खरंच रागावला, पानावरून उठायला लागला. सगळ्या बायांचे चेहरे उतरले. मोठीमायनं चाल तीच ठेवली आणि गाणं स्वतःवर फिरवलं. आपले दात, आपली उंची, आपल्या पुरणपोळ्या, कशाकशाला सोडलं नाही. तो माणूस हसता हसता पुन्हा मांडी घालून बसला. परतताना जीपमध्ये ती म्हणाली, “राग आला त्याले, माही चूक. मी त्याच्याकडं पाहात नव्हती, बायाईकडं पाहात होती.”

मी शिवणकाम करते. आमगावात बाजाराच्या तोंडाशी माझं लहानसं दुकान आहे, ब्लाउज आणि पिको-फॉल. मला एका जागी बसवत नाही, हे शिवणाऱ्या बाईचं काही बरं लक्षण नाही, पण आहे ते असं आहे. माझा धाकटा भाऊ रोहित माझ्याहून वाईट. चपलांच्या दुकानात काम करायचा आणि बोटांनी खोक्यांवर ताल धरायचा. गल्ल्यावर बसलेला मालक वैतागायचा. रॅप करतो हे आम्हाला कळलं तेव्हा आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून अंगावर गोधडी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घामानं निथळत बाहेर यायचा. गोंदिया जिल्ह्यातल्या गाड्यांच्या नंबरात असतो तो ‘पस्तीस’ त्यानं नाव म्हणून लावून घेतला होता. गाणी हिंदीत. मराठीत का नाही, तर म्हणे, “मराठीत धाक नाही बसत.” गिरणीच्या भुशावर, कोहमाऱ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर त्यानं केलेली गाणी खरोखर चांगली होती. मी गिऱ्हाइकांना ती ऐकवायची.

मग प्रणालीनं त्याला नाही म्हटलं. आमच्याच गल्लीच्या टोकाला किराणा दुकान आहे, त्यांची मुलगी. गोंदियाला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायची, गुलाबी स्कूटीवर स्टेशनपर्यंत जायची. रोहितनं तिला विचारलं, तिनं सरळ नाही म्हटलं, विषय तिथंच संपायला हवा होता. त्यानं गाणं काढलं. त्यात तिचं नाव नव्हतं, पण गुलाबी स्कूटी होती, क्लास होता आणि पुढचे शब्द मी इथं लिहिणार नाही. जी नाही म्हणते ती अशी आणि जी हो म्हणते ती तशी, एवढाच त्याचा सारांश. ठेका असा जबरदस्त की पोरं अर्थ न ऐकता नाचायला लागली. लग्नाच्या डीजेवर गेलं, चहाच्या टपरीवर गेलं, माझ्या दुकानासमोरून जाणाऱ्या ऑटोतही वाजू लागलं. आठवडाभरात प्रणालीच्या बापानं स्कूटीची किल्ली काढून घेतली. क्लास बंद. मुलगा बघायची बोलणी सुरू.

मला हे कळलं तेव्हा मी मशीन तसंच सोडून घरी गेले आणि रोहितवर ओरडले. तू गाणं काढून टाक नाहीतर मी तुझा मोबाइल उखळात घालून कुटते, असं म्हणाले. तो म्हणाला, “ताई, गाणं आहे ते. सगळे असेच गाऊन राहिले. यात तिचं नाव हाय का?” मग अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या मोठीमायकडे हात करून म्हणाला, “हे माइकवर शिव्या देते त तिले मानाचं लुगडं नेसवता. मी दिल्या त मले काऊन बोलून राहिली?”

मी मोठीमायकडं वळले.

मोठीमायचा हात सुपात थांबला होता. “लाव बरं, आयकू दे,” ती म्हणाली. रोहितनं लाजत लाजत लावलं. तिला हिंदी चांगलं कळतं. पूर्ण ऐकलं, एक शब्द सुटू दिला नाही. मग विचारलं, “तू हे गायला तवा ते पोरगी समोर बसली होती का?”

“नाही.”

“मंग उत्तर कोणाले देईन ते?”

“तिनं बी काढावं गाणं. कोण नाही म्हणते?”

मला वाटलं आता मोठीमाय त्याला झाडणार. पण ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटू लागली. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, ती आपल्याच गारी एकेक करून म्हणून बघत होती. व्याह्याच्या मिशा वरणात बुडाल्या, ही झाली. पुढची व्याह्याच्या बहिणीवर होती, ती बांगड्यावाल्यामागं गेली म्हणून. त्यापुढची त्याच्या आईवर. त्यापुढची बायकोवर. मोठीमाय मधेच थांबली आणि आमच्याकडं बघत म्हणाली, “व्याही त माह्यासमोर बसून हासते. त्याची माय कुठं राहते? घरी. तिनं माहं काय केलं होतं?”

तिचा चेहरा इतका कावराबावरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर जी गोष्ट अभिमानानं केली तिच्यात हे निघालं. त्या दिवसानंतर तिला चैन म्हणून नव्हतं. अंगणात फेऱ्या मारायची, भाजी चिरता चिरता उठून यायची आणि म्हणायची, “कामठ्याच्या लग्नात माह्यावर फिरवली ते बी बाईवरच होती व.”

दुसऱ्याच सकाळी तिनं रोहितला ओढत प्रणालीच्या घरी नेलं. मीही मागोमाग गेले. गारीचा न्याय तिच्या डोक्यात पक्का होता. ज्यानं दिली त्यानं समोर बसून ऐकावी. अंगणात त्याला पाटावर बसवलं आणि प्रणालीला म्हणाली, “दे बाई याले. जे तोंडात येईन ते दे. हा उठणार नाही.”

प्रणाली दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिनं रोहितकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “मले याचं तोंड नाही पाहाचं. मी काऊन शिव्या देऊ? मले क्लासले जाचं हाय.”

मोठीमायनं रोहितला तिथून उठवून बाहेर घालवला. मग प्रणालीच्या बापाकडं वळून म्हणाली, “भाऊ, मी संगं गेली त जाऊ देसान का?”

बापानं बरेच आढेवेढे घेतले. लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न कसं होईल, सगळं झालं. मोठीमाय ओसरीवर बसून राहिली. ज्या बाईनं तालुक्यातल्या सगळ्या व्याह्यांना माना खाली घालायला लावल्या, ती ओसरीवर बसल्यावर उठवणार कोण? शेवटी किल्ली मिळाली.

पुढं कित्येक महिने आमगावनं तो तमाशा पाहिला. पुढं प्रणाली, मागं नऊवारीतली मोठीमाय, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं पोरीचा खांदा घट्ट धरून. आधी कधी दुचाकीवर न बसलेली बाई. खड्डा आला की ‘अगाई व’ ओरडायची. स्टेशनवर गाडी लावून दोघी गोंदियाची लोकल धरायच्या आणि मोठीमाय क्लासच्या पायरीवर चिंचा सोलत बसायची. लोक हसले. पोरांनी तिचा व्हिडिओ काढला, त्यालाही तेच गाणं जोडलं. मी तर रोज चिडत होते, कधी मोबाइलवर, कधी गिऱ्हाइकांवर.

एकदा रेल्वे फाटक बंद होतं आणि शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोरांनी मुद्दाम ते गाणं लावलं. मोठीमाय खाली उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. म्हणाली, “मोठ्यानं लाव. पुरं आयकते.” आणि गारी गाताना बघायची तशी थेट त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. गाणं घाणीच्या जागेपर्यंत आलं तेव्हा चालवणाऱ्या पोरानं स्वतःच बंद केलं. हे प्रणालीनं मला सांगितलं. सांगताना ती पहिल्यांदा हसली.

रोहितनं आपल्याकडचं गाणं काढून टाकलं होतं. माझ्या धमकीनं नव्हे; त्या पाटावर बसल्यावर आपल्याकडं कोणी बघितलंही नाही, याची त्याला लाज वाटली असावी. पण बाहेर गेलेलं गाणं कुठं परत येतं? ते वाजतच होतं. तो दुपारी येऊन मोठीमायजवळ बसायचा. एके दिवशी ती त्याला म्हणाली, “मले शिवी देऊन दाखव. बाई नाही आणाची मधात. माय नाही, बहीण नाही, बायको नाही. बायकी बी नाही म्हणाचं.”

रोहितनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. “तू... तू पंक्चर टायर,” असं काहीतरी निघालं. मोठीमायनं प्रयत्न केला, तिची गाडी ‘तुह्या डोक्यात कोंडा’वर येऊन थांबली. एक तालुक्यात गाजलेली गारीवाली, दुसरा जिल्ह्यात गाजलेला रॅपवाला, आणि दोघांच्या पोतडीतून बाया काढल्यावर उरलं काय, तर कोंडा आणि टायर! मी पोट धरून हसले. मोठीमायही हसली, पण मग म्हणाली, “हासू नोको व. पुरा धंदाच दुसऱ्याच्या मायबहिणीवर चालून राहिला होता आपला.”

त्यानंतरच्या लग्नात तिनं फक्त समोरच्या व्याह्यावर गाणी म्हटली. त्याचं पोट, त्याचा हावरटपणा, मुलीच्या बापाशी बोलताना त्याला चढणारा ताठा. मला ती आवडली. पण पंगतीत म्हणावा तसा हशा पिकला नाही. पुरुष बांगड्यावाल्याच्या कडीची वाट बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर बायाही. मोठीमाय म्हातारी झाली, असं माझ्या मागं कोणी बाई म्हणाली. मला त्या बाईची वेणी ओढावीशी वाटली. परतताना मोठीमाय उदास होती. बोलावणी हळूहळू कमी झाली, तरी ती दुपारी रोहितला बसवून नव्या कड्या जुळवत राहिली. त्यातल्या दोन-तीन तर फार झकास होत्या.

प्रणाली पास झाली, एका दवाखान्यात लागली. त्याच उन्हाळ्यात मोठीमाय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. प्रणाली येऊन पायाशी बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. मी खूप रडले आणि रडताना मला रागच येत होता, कोणाचा ते नक्की सांगता येत नाही. अजूनही येतो. गाणी तशीच निघतात, तशीच वाजतात.

दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, मी आणि रोहित गेलो होतो. आकाशपाळण्याजवळ एका खेळण्यांच्या दुकानात स्पीकरचा मोठा बॉक्स लावलेला आणि त्यावर तेच गाणं. रोहित तिकडं गेला. म्हणाला, “भैया, ये गाना बंद करो.”

दुकानदारानं त्याला खालीवर न्याहाळलं. “क्यों? तेरी बहन है क्या वो?”

“नहीं. कोई नहीं लगती.” मग जरा थांबून, “गाना मेरा है.”

“अरे! तू है वो पस्तीस?” दुकानदार खुश झाला. त्यानं हात मिळवला, आजूबाजूच्या पोरांना हाका मारल्या आणि रोहितच्या मानासाठी आवाज आणखी वाढवला.

रोहितनं वाकून वायर ओढली. दुकानातले दिवेही गेले. दुकानदार भडकला आणि त्यानं रोहितला आईवरून शिवी दिली. आमची आई तेव्हा घरी चिवडा भाजत असेल. गर्दी जमली, पोरांनी मोबाइल वर केले. रोहितच्या तोंडाशी उत्तर आलेलं मला दिसत होतं, त्या माणसाच्या आईवरचं. त्याचा जबडा हलत होता. मी धावत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“बोल ना बे,” दुकानदार म्हणत होता, “बोल ना.”

रोहित त्याच्या डोळ्यांत बघत होता. तो काही बोलला नाही. वायर मात्र त्यानं सोडली नाही.